परसातल्या आंब्याच्या नोंदी: कुंपणाकडची फांदी का वाळते आहे

३ मार्च २०२४, रविवार

आजपासून ही वही फक्त आंब्यासाठी.

झाड कलमी, बावीस वर्षांचं. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर १२२ सेंमी. जमिनीपासून साधारण पाच फुटांवर खोडाच्या तीन मोठ्या फांद्या होतात: घराकडची, मधली आणि कुंपणाकडची. पहिल्या दोन भरलेल्या आहेत. कुंपणाकडचीला पावसाळ्यानंतर पालवी फुटली नाही, मोहोराचे चार-पाच तुरे आले तेही गळाले. आहेत ती पानं लहान, फिकट. खाली उभं राहून वर पाहिलं की दोन फांद्यांमधून ऊन ठिपक्यांनी येतं आणि तिसरीतून सरळ आभाळ दिसतं.

आई म्हणाली, "हे आत्ताचं नाही गं. दोन वर्षं झाली, ती फांदी मागे पडत चाललीय." जुने फोटो शोधले. २०२२ च्या पावसाळ्यातल्या फोटोत त्या बाजूचा शेंडा खरंच विरळ आहे. आम्ही सगळे त्या फोटोत हसत उभे आहोत आणि झाड आमच्या मागे आजारी आहे, हे आज कळतंय.

वहीचा नियम ठरवला. डाव्या पानावर डोळ्यांनी दिसलं ते, उजव्या पानावर माझा अंदाज. आणि कारण कळेपर्यंत कोणतीही फवारणी नाही. औषध मारलं की कीड मरते की नाही ते पुढचं, पण तिच्या खुणा मात्र नक्की बिघडतात.

९ मार्च, शनिवार

पानांपासून सुरुवात केली, कारण हाताला तीच आधी लागतात. तिन्ही फांद्यांची वीस-वीस पानं काढून भिंगाखाली पाहिली. तुडतुडे थोडे. काही पानांवर या किडींचा चिकट थर आणि त्यावर काजळी, म्हणजे काळी बुरशी. खवले कीड दोन पानांच्या शिरांवर. बांडगूळ कुठेच नाही, दुर्बिणीने नीट शोधलं.

महत्त्वाचं हे की या तिन्ही फांद्यांवर या गोष्टी सारख्याच प्रमाणात आहेत. उलट घराकडच्या फांदीवर काजळी जास्त, आणि तीच फांदी सर्वांत जोमदार. पानांतला रस शोषणारी कीड एका फांदीला मारून शेजारच्या फांदीला सोडून देईल, हे पटत नाही. अख्खी फांदी एकटी मागे पडते तेव्हा दोष तिच्या पाणी-रसाच्या वाटेत शोधावा: फांदीच्या बुडाशी, त्या बाजूच्या खोडात, किंवा त्या बाजूच्या मुळांत. झाडाच्या एका बाजूची मुळं बरीचशी त्याच बाजूच्या फांद्यांना पाणी पुरवतात.

उजव्या पानावर लिहिलं: वरून खाली यायचं.

१० मार्च, रविवार

दादाने शिडी धरली. कुंपणाकडच्या फांदीवर शेंड्यापासून दर ३० सेंमीवर नखाने साल जराशी खरवडली. खाली हिरवं-ओलं दिसलं तर जिवंत, तपकिरी-कोरडं दिसलं तर मेलेलं. एवढी साधी परीक्षा, पण ओळीने केली की नकाशा तयार होतो.

शेंड्याकडचे सव्वा मीटर तपकिरी. तिथल्या काड्या वाकवल्या की काटकन मोडतात. त्याखाली हिरवं, पण घराकडच्या फांदीसारखं रसरशीत नाही, पिवळसर. बुडाच्या दुबेळक्यापर्यंत असंच. म्हणजे फांदी टोकाकडून आत मरत येतेय. घसा कोरडा पडलेल्यासारखी. मध्येच कुठे तिला करकोचलेलं असतं तर त्या जागेच्या वर सगळं मेलेलं आणि खाली सगळं ताजं, अशी स्पष्ट रेघ मिळाली असती. तशी मिळाली नाही.

दुबेळक्यात मात्र काहीतरी सापडलं. सालीवर लाकडाचा चुरा आणि विष्ठेच्या गोळ्या रेशमात गुंफून केलेली, बोटाएवढी रुंद, नागमोडी जाळीदार पट्टी. साल खाणारी अळी, इंडरबेला. ही दिवसा लाकडातल्या बिळात बसते आणि रात्री त्या जाळीच्या छपराखालून फिरत साल कुरतडते.

खरं सांगायचं तर मी शिडीवरूनच ओरडले, "सापडलं!" आई धावत बाहेर आली.

रात्री, त्याच दिवशी

साडेदहाला टॉर्च घेऊन परत चढले. पट्टी ब्रशने झाडून काढली, बिळाचं तोंड उघडं झालं, तारेने दोन अळ्या ओढून काढल्या. मग त्या जागेची साल मोजली: १५ सेंमी लांब, ६ सेंमी रुंद पट्टा वरवर खाल्लेला. त्याच्या कडेला खरवडलं तर हिरवं. बिळाच्या आजूबाजूचं लाकूडही घट्ट.

या फांदीचा घेर तिथे ७१ सेंमी आहे. त्यातली ६ सेंमी रुंदीची साल, तीही वरवर, गेल्याने एवढी मोठी फांदी वाळत नाही. अळी खरी, नुकसान खरं, पण हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही. उजव्या पानावरचं "सापडलं" खोडलं. पहिली कीड दिसली की तिच्यावर सगळं ढकलून मोकळं व्हावंसं वाटतं. आज दुपारभर मी तेच केलं होतं.

१७ मार्च, रविवार

काका आले होते. खोडावर मातीच्या रेघा पाहून त्यांनी निकाल दिला, "वाळवी आहे ही. बुंध्यात औषध ओत आणि मोकळी हो." मी म्हटलं, "काका, आधी रेघेखाली काय आहे ते बघू या का?" ते थांबले आणि मग माझ्याबरोबर तासभर उकिडवे बसून राहिले, याचं मला फार बरं वाटलं.

मातीचे बोगदे पाच. प्रत्येक पटाशीच्या टोकाने अलगद उकलला. चार बोगद्यांखाली बाहेरची मेलेली, खरबरीत साल थोडी खाल्लेली आणि तिच्या आत हिरवी आंतरसाल शाबूत. आंब्यासारख्या मोठ्या झाडावर वाळवी बहुतेक वेळा अशीच असते: मेलेल्या सालीवर, मेलेल्या लाकडावर. जिवंत भागाला तिने धक्का लावलेला नव्हता.

पाचवा बोगदा कुंपणाच्या बाजूला, जमिनीलगत. तिथे साल उचलली तर ती हातात आली. खाली हिरवं काही नाही, काळसर ओलं लाकूड. काका म्हणाले, "म्हणजे वाळवीने मारलं नाही, मेलेलं तिला मिळालं." वाळवीने निदान जागा दाखवली.

२३ मार्च, शनिवार

लाकडी हातोड्याने खोड ठोकून काढलं. जिवंत सालीवर आवाज भरीव येतो, हाताला परतणारा. सुटलेल्या सालीवर पोकळ, डब्यावर मारल्यासारखा. दर पाच सेंमीवर ठोकत गेले आणि जिथे आवाज बदलला तिथे खडूची खूण केली. दोन तासांनी खुणा जोडल्या.

निघालेला आकार: कुंपणाच्या बाजूला, वर निमुळता, खाली रुंद, उभ्या ज्योतीसारखा. वरचं टोक ७० सेंमी उंचीवर. जमिनीपासून १० सेंमीवर त्याची रुंदी ३६ सेंमी, तिथला खोडाचा घेर १३८. म्हणजे २६ टक्के. आकार खाली जाऊन संपत नाही, मातीत शिरतो.

आणि मग खाली बसून बघताना एक गोष्ट नजरेत भरली, जी मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. घराकडच्या बाजूला खोड जमिनीत जाताना पसरतं, मुळांच्या खांद्यांसारखं. कुंपणाच्या बाजूला ते विजेच्या खांबासारखं सरळ खाली जातं. कोणतंच झाड एका बाजूने खांबासारखं उगवत नाही. त्या बाजूचा पसारा मातीखाली आहे.

रात्री आईला विचारलं. २०२१ च्या उन्हाळ्यात आपण परस सपाट करून घेतलं होतं. जमिनीचा उतार कुंपणाकडे होता, तो भरून काढला. भर कुंपणाच्या बाजूला सर्वांत जाड. त्यावर दर वर्षी पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, तेही मी, स्वतःच्या हाताने, खोडाला लागून. झाडाला गारवा मिळावा म्हणून.

३० मार्च, शनिवार

सकाळी सहा ते अकरा खणलं. फावडं नाही, खुरपं आणि हात, शेवटी ब्रश. मुळाला जखम करायची नाही, एवढं एकच ध्यानात.

वरून ९ सेंमी कुजलेला पाचोळा. त्याखाली १४ सेंमी भरावाची माती, चिकण, ओली, कुबट वासाची. एकूण २३ सेंमी. त्याच्याखाली मूळची जमीन, रंग वेगळा, हाताला भुसभुशीत. खोडाची साल या २३ सेंमीत काळी पडलेली, बोटाने दाबली की पाणी सुटतं. भरावात खोडातून फुटलेली बारीक पांढरी मुळं. झाडाने नव्या मातीतही श्वास घ्यायचा प्रयत्न केलेला दिसतोय. एक करंगळीएवढं मूळ खोडाला आडवं आवळून बसलेलं.

मुळांना हवा लागते. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या थरातच असतात, कारण हवा तिथेच खेळते. त्यांच्यावर चिकण मातीचा थर बसला की ती गुदमरतात. आणि बुंध्याची साल काही सतत ओल्यात राहायला बनलेली नसते. झाड याने एका दिवसात मरत नाही, दोन-चार वर्षं लागतात, म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड कुणाला घालता येत नाही.

दहाच्या सुमारास, पाचोळा आणि भराव यांच्या सांध्यावर, खोडात एक लांबट भोक दिसलं. जवळजवळ दोन सेंमीचं. त्याच्या तोंडाशी ओंजळभर तपकिरी भुसा. दोन वर्षं तो पाचोळ्यात मिसळत होता आणि पाचोळ्यासारखाच दिसत होता.

मी तिथेच बसून राहिले थोडा वेळ.

३१ मार्च, रविवार

भुशाचा दिवस. थोडा पांढऱ्या कागदावर वाळवून भिंगाखाली घेतला.

कीड दिसत नसेल तेव्हा भुसाच तिची सही असतो, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते. पिठासारखी बारीक, कोरडी भुकटी असेल तर ती सुक्या लाकडातल्या भुंगेऱ्यांची, जिवंत झाडात सहसा मिळत नाही. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्यांतून काडेपेटीच्या काडीसारखे भुकटीचे छोटे दांडे बाहेर आलेले असतील तर लाकडात बुरशीची शेती करणारे अगदी लहान भुंगेरे. ते दिसले तर मामला गंभीर समजावा, कारण असे बारीक भुंगेरे कधीकधी मर रोगाची बुरशी सोबत आणतात. ओमानमध्ये १९९८ पासून आंब्याची झाडं अचानक वाळून जाऊ लागली त्यामागे सेराटोसिस्टिस बुरशी होती आणि सालीतल्या एका बारीक भुंगेऱ्याचा तिच्या प्रसाराशी संबंध आढळला. गोल-गोल विष्ठेच्या गोळ्या रेशमात अडकलेल्या असतील तर पतंगाची अळी, जशी १० मार्चला मिळाली. आणि लाकडाचे चावून काढलेले लांबट तंतू, रंध्याच्या सालपटासारखे, भरड, ओलसर, तर लांब शिंगांच्या भुंगेऱ्याची अळी.

माझ्या कागदावर तंतू आहेत. एक सेंमीपर्यंत लांब.

भोकाचा आकारही बोलतो. चपट्या, चकचकीत भुंगेऱ्यांची बाहेर पडायची भोकं एका बाजूने सपाट, अर्धगोल असतात. लांब शिंगांच्यांची गोल किंवा लंबगोल. खडूने आखलेल्या भागात पुन्हा शोधलं तेव्हा ४५ सेंमी उंचीवर, सालीच्या खवल्याआड, एक स्वच्छ गोल भोक मिळालं. दोन सेंमी. कडा वाळलेल्या, भुसा नाही. हे बाहेर पडण्याचं दार. म्हणजे निदान एक भुंगेरा इथून वाढून, पूर्ण होऊन निघून गेलाय. खालच्या भोकात दुसरा आहे की नाही?

खालच्या भोकातला भुसा पूर्ण उकरून काढला, तोंड पुसलं, खाली पांढरं फडकं अंथरलं आणि कडेला दगड ठेवले.

१ एप्रिल, सोमवार

सकाळी सहाला फडक्यावर चमचाभर ताजा, फिक्या रंगाचा, ओला भुसा. आत कुणीतरी आहे.

रात्री सगळं शांत झाल्यावर लाकडी दांड्याचं एक टोक खोडाला आणि दुसरं कानाला लावलं. मधूनमधून खर्र, खर्र. आईलाही ऐकवलं. तिने दांडा खाली ठेवला आणि खोडावर हात ठेवून उभी राहिली.

६ एप्रिल, शनिवार

मेलेली, सुटलेली साल तेवढीच पटाशीने काढली. हिरवी कड आली की थांबायचं. खाली रुंद, वेडावाकडा, भुशाने ठासून भरलेला मार्ग. ही अळी आधी सालीखाली आंतरसाल आणि वरचं लाकूड खात पसरते आणि मग आत खोल शिरते. झाडाचं पाणी वर आणि पानांतलं अन्न खाली नेणाऱ्या वाटा याच थरात असतात. म्हणूनच भोक एक दिसतं आणि वाळते ती अख्खी फांदी.

सायकलच्या स्पोकला टोकाशी आकडा वळवला. बिळ आधी वर गेलं, मग वळून खाली. २२ सेंमीवर काहीतरी मऊ लागलं. दादा म्हणाला, "ओढू नकोस, फिरव." फिरवलं, हळूच मागे घेतलं. तिसऱ्या प्रयत्नात अळी आली.

७.५ सेंमी लांब. मळकट पांढरी, पाय नाहीत, डोकं गर्द तपकिरी, जबडे काळे. डोक्यामागचा खंड सर्वांत रुंद, बाकीचं अंग वळ्यावळ्यांचं. भिरूड, म्हणजे लांब शिंगांच्या भुंगेऱ्याचीच अळी. शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. आंब्याखेरीज फणस, अंजीर, उंबर, सावर अशा कितीतरी झाडांवर जगते. मादी सालीला चीर पाडून एकेक अंडं घालते, एक-दोन आठवड्यांत ते फुटतं, अळी महिनोन्महिने लाकडात राहते, आतच कोष करते आणि पावसाच्या सुरुवातीला पूर्ण भुंगेरा बाहेर पडतो. ही अळी गेल्या पावसाळ्यातली असावी. आणखी दोन महिन्यांत ती पंख घेऊन निघाली असती.

दुसरं बीळ तपासलं, रिकामं. तिसरं नाही.

बिळात रॉकेल किंवा पेट्रोल ओतावं का, हा प्रश्न घरात चर्चेला आला. नाही ओतलं. अळी हातात आहे, आता त्या द्रवाने मरतील त्या झाडाच्याच जिवंत पेशी. सिमेंटनेही भोक बुजवणार नाही. आत ओल कोंडून राहते आणि झाड डोललं की कड फाटते. झाड जखम भरून काढत नाही, जखमेभोवती आतून भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकी वनसेवेतले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी कित्येक झाडं उभी चिरून हे पाहिलं आणि १९७७ मध्ये नीट मांडलं. ती भिंत आपण पटाशीने किंवा ड्रिलने फोडली तर कूज पुढे सरकते. म्हणून आतलं कुजकं लाकूडही कोरून साफ केलं नाही.

७ एप्रिल, रविवार

पुन्हा मापं. माती काढल्यावर खोडाचा खरा पाया दिसतोय. तिथला घेर १६४ सेंमी, मेलेल्या सालीची रुंदी ५८. म्हणजे ३५ टक्के, एक तृतीयांशाहून थोडं जास्त. २३ मार्चचा आकडा २६ होता, कारण तो भरावाच्या वरचा होता.

लांब, बारीक सुई मेलेल्या भागात दहा ठिकाणी दाबली. आठ ठिकाणी एक सेंमीच्या आत घट्ट लाकूड, दोन ठिकाणी चार सेंमी. झाड उभं राहू शकेल असं वाटतं, पण हा निर्णय माझ्या वाटण्यावर सोडायचा नाही. झाडांची तपासणी करणाऱ्या माणसाला बोलावून खात्री करून घेतली. कुंपणाकडच्या फांदीचं वजन कमी करायचं, बाकी झाड ठेवायला हरकत नाही.

१४ एप्रिल, रविवार

फांदी दुबेळक्यापासून दोन मीटर ठेवून वरची कापली, कारण तिथेच जिवंत उपफांदी आहे. आधी खालून एक काप, मग थोडं पुढे वरून, वजन उतरल्यावर शेवटचा काप उपफांदीच्या गळ्यापाशी, गळ्याची फुगीर कड न कापता. अशाने साल सोलत खाली येत नाही.

कापलेलं लाकूड कुंपणाशी रचून ठेवायचं नाही, आत अळी असेल तर ती तिथेही वाढते. म्हणून ओंडके उभे फोडले. एकाही ओंडक्यात बीळ नाही. लाकूड नुसतं कोरडं. ज्या फांदीच्या वाळण्यावरून सगळं सुरू झालं त्या फांदीत कीड नव्हतीच. ती खालून तहानेने गेली.

आता उजव्या पानावर पहिल्यांदा पेनाने लिहिलं, आतापर्यंत पेन्सिल होती: २०२१ चा भराव, मग मुळांची गुदमर आणि बुंध्याची ओली साल, मग भिरूड, मग फांदी. भिरूड तगड्या झाडालाही लागते हे खरं, पण दुबळ्या, साल मऊ पडलेल्या झाडावर तिचं काम सोपं होतं. शिवाय आच्छादनाने भुसा झाकला नसता तर पहिल्याच वर्षी दिसला असता.

२१ एप्रिल, रविवार

भराव खोडापासून दीड मीटरपर्यंत काढला, उथळ ताटलीसारखा. आवळणारं मूळ पटाशीने तोडलं. पाणी आता खोडाशी नाही, फांद्यांचा घेर संपतो तिथे, आठवड्यातून एकदा, खोलवर. पाचोळा तिथेच, खोडापासून दूर. खत काही नाही. मुळं अर्धमेली असताना नत्राने पानं फुटवली तर ती पाजायची कुणी?

उघड्या पायाला बोर्डो पेस्टचा पातळ हात. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून, मग एकत्र, एकूण पाणी एक लिटर. लोखंडी खिळा बुडवून पाहिला, तांबूस थर आला, म्हणजे तांबं मोकळं आहे. चुन्याची निवळी थोडी वाढवली, दुसऱ्या खिळ्यावर आला नाही. पेस्टने अळी मरत नाही, ती बुरशीसाठी.

५ मे, १२ मे, १९ मे

फडकं स्वच्छ. १९ ला मधल्या फांदीवर तांबूस पालवी, उपफांदीवरही तीन कोंब.

९ जून, रविवार

पाऊस सुरू झाला. भुंगेरे आता निघतील. खोडाभोवती पायापासून दीड मीटरपर्यंत बारीक नायलॉनची जाळी सैल गुंडाळली, म्हणजे मादी सालीपर्यंत पोचणार नाही. दर रविवारी सोडून पाहायची, नाहीतर जाळीआडच काहीतरी वाढेल. रोज रात्री नऊ ते दहा टॉर्चची फेरी.

१९ जून, बुधवार

सापडला. घराकडच्या फांदीच्या कोवळ्या काडीवर, साल कुरतडत होता. ४.८ सेंमी, राखाडी-तपकिरी, शिंगं अंगापेक्षा लांब, मानेच्या ढालीवर मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन नारिंगी ठिपके. हातात धरला तर कुरकुर आवाज करतो. सुंदर आहे, हे लिहायला हवं. बरणीत घातला.

१४ जुलै, रविवार

जाळीच्या वर, १६० सेंमी उंचीवर, सालीला नवी चीर, ओठ मिटल्यासारखी, कडेने रस पाझरलेला. सुरीच्या टोकाने उघडली. आत सहा मिलिमीटरचं लांबट, मळकट पांढरं अंडं. काढलं. अजून शोधलं, आणखी एक मिळालं, त्याच उंचीवर मधल्या फांदीच्या काखेत. जाळी आणखी अर्धा मीटर वर नेली.

११ ऑगस्ट, रविवार

चिरा नाहीत. पावसाचं पाणी ताटलीत साचत होतं, कुंपणाच्या बाजूने एक उथळ पाट काढून दिला.

१५ सप्टेंबर, रविवार

जखमेच्या दोन्ही कडांना नव्या सालीची गोल वळी चढतेय. घराच्या बाजूची ९ मिमी, कुंपणाच्या बाजूची ४ मिमी. एप्रिलमध्ये कडेला मारलेल्या खडूच्या रेघेवर आता नवी साल आहे. आईला रेघ दाखवली. ती म्हणाली, "नवीन रेघ मार, म्हणजे पुढच्या वर्षी कळेल." मारली.

२० ऑक्टोबर, रविवार

उपफांदीवर पालवी, पानाची लांबी १९ सेंमी. मार्चमध्ये त्या बाजूचं पान ११ सेंमी होतं. शेंडा विरळच आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

फडक्यावर चिमूटभर काहीतरी. हात थरथरला, पण आधी भिंग. तंतू नाहीत. गोल गोळ्या, रेशमाचा धागा. घराकडच्या फांदीच्या दुबेळक्यात साल खाणारी अळी, पट्टी बोटभर. रात्री दहाला तारेने काढली, एकच होती. फडकं झटकून पुन्हा अंथरलं.